इंदूरच्या मित्रास: जॅम कसा ऐकावा, कसा लिहावा

दांडिया बाजार, बडोदे
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही तिघांनी मिळून लिहिलेलं परीक्षण दोनदा वाचलं. दीडशे माणसांच्या क्लबात अडीच तास उभं राहून ऐकलेल्या जॅम बँडवर, म्हणजे ठरलेलं गाणं मंचावर ऐनवेळी सुचेल तसं लांबवत नेणाऱ्या बँडवर, कुणीतरी मराठीत एवढ्या जिव्हाळ्यानं लिहितंय, याचा फार आनंद झाला. पण तू स्पष्ट मत मागितलं आहेस. 'जबरदस्त', 'भारावून टाकणारं' आणि 'एनर्जी' हे शब्द पानापानावर आहेत. सर्वात लांब जॅम किती मिनिटांचा झाला, हे मात्र कुठेच नाही. गाणं कुठे सुटलं, कुणी सोडलं, कुठल्या वाटेनं परत आलं, हेही नाही. वाचकाला हवं असतं ते हेच.

तुम्हा इंदूरकरांना हे वेगळं समजावायला नको. इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांची झुमरा तालातली विलंबित चीज ऐकून आलेला माणूस 'बंदिश छान होती' असं सांगत नाही. तो सांगतो, की मध्यमावर किती वेळ थांबले, चार स्वर उलटसुलट कसे फिरवले, समेवर कसे आले. जॅमलाही तोच न्याय लाव. अमेरिकेतल्या श्रोत्यांनी हे काम फार शिस्तीनं केलं. ग्रेटफुल डेड हा तिकडचा जॅम बँड १९६५ ते १९९५ वाजवत राहिला आणि आज त्यांच्या मैफली लोकांना तारखेनिशी माहीत आहेत, त्या या टिपणांमुळे आणि टेपांमुळे. ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली मैफल घे. 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये ते शिरतात, सगळं मिळून पंचवीसेक मिनिटं. लोक बोलतात ते दोन गाण्यांच्या मधल्या त्या सांध्याबद्दल.

म्हणून आधी गाण्यांची यादी नीट लिहायला शीक. दोन गाण्यांमध्ये बँड थांबला तर स्वल्पविराम. न थांबता पुढचं गाणं सुरू झालं तर > अशी खूण. फिश या दुसऱ्या जॅम बँडच्या श्रोत्यांनी त्यात आणखी एक भेद केला आहे: पहिलं गाणं वाजवत वाजवत, कुठे संपलं ते कळू न देता दुसऱ्यात विरघळलं, तर -> असा बाण. तुमच्या यादीत सगळीकडे स्वल्पविराम आहेत, आणि खाली मजकुरात 'सलग तीन गाणी' असं लिहिलंय. मग ती जोडली कशी? ड्रमरनं ठेका चालू ठेवला आणि गिटारवाला नव्या गाण्यात उडी मारून गेला, की चौघंही हळूहळू तिकडे सरकले? पहिलं ठरवून करता येतं. दुसरं त्या रात्री घडावं लागतं, आणि घडलं असेल तर ती बातमी आहे. तसंच, एखाद्या गाण्याचे चार-सहा बार (म्हणजे ठेक्याची आवर्तनं) मध्येच डोकावले तर ती 'टीझ'. ती यादीत गाणं म्हणून घालू नकोस, तळटीप दे.

आता मुख्य गोष्ट, ऐकण्याची. गाण्याच्या ठरलेल्या कॉर्डवरच (म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांवरच) सोलो लांबत गेला, तर त्याला तिकडे 'टाईप वन' म्हणतात. कॉर्ड, ठेका, स्वर हे सगळंच सोडून बँड मोकळ्यावर गेला, तर 'टाईप टू'. दोन्ही चांगले असू शकतात, पण वाचकाला कोणता होता हे कळलं पाहिजे. आपला कान इथे उपयोगी पडतो आणि फसवतोही. उपयोगी असा, की या मंडळींचा बराचसा जॅम मिक्सोलिडियनमध्ये चालतो, म्हणजे आपला खमाज थाट: गंधार शुद्ध, निषाद कोमल. गंधारही कोमल झाला की ते डोरियनमध्ये गेले, म्हणजे काफी. खमाजातून काफीत शिरण्याचा क्षण तुला इतरांच्या आधी ऐकू येईल. घड्याळ बघ आणि मिनिट टिपून ठेव.

फसवतो असा, की आपण षड्ज धरून बसतो. इथे तानपुरा नाही. षड्ज बेस गिटारवाल्याच्या हातात असतो आणि तो कधीही हलवू शकतो. गिटार तेच स्वर वाजवत राहते आणि खालून बेसनं जागा बदलली की सगळ्याचा अर्थ बदलतो. उदाहरणार्थ, डी हा षड्ज धरून खमाजाचे आणि ए हा षड्ज धरून काफीचे स्वर तेच सात आहेत. बेस डीवरून एवर जाऊन बसला की गिटारवाल्यानं काहीही न करता रंग पालटतो. तुमच्या परीक्षणात गिटारवर पाच परिच्छेद आहेत आणि बेसचं नावही नाही. पुढच्या वेळी एक पूर्ण जॅम फक्त बेस ऐक. कोण नेतंय आणि कोण मागे जातंय, ते निम्म्याहून जास्त तिथेच कळेल.

ठेक्याचंही तसंच. बहुतेक वेळा चारच मात्रा असतात, पण सगळीकडे नाही. ऑलमन ब्रदर्स या अमेरिकी बँडच्या 'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवात ११ मात्रांची आहे, ३+३+३+२ अशी मोजायची. १९६९ च्या स्टुडिओतल्या आवृत्तीत ते गाणं पाच मिनिटांच्या थोडं पुढे जातं; मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात वाजवलं तेव्हा २३ मिनिटं चाललं आणि रेकॉर्डची एक अख्खी बाजू त्यानंच भरली. असं गाणं कुणी क्लबात घेतलं तर परतीच्या वेळी त्या शेवटच्या दोन मात्रांकडे कान ठेव. कच्चा ड्रमर तिथे एक मात्रा वाढवून बारा करतो आणि सगळं गुळगुळीत होऊन जातं.

बिघडतं कुठे, हे लिहायला तुम्ही कचरलात असं वाटलं. प्रेमापोटी कचरलात हे कळतं, पण बिघाड नीट लिहिला की वाखाणणीवरही विश्वास बसतो. सगळ्यात जास्त बिघाड परतीच्या वेळी होतात. एकानं मुखड्याची ओळ सुरू केली, बाकीच्यांनी ती इशारा म्हणून ओळखलीच नाही, आणि मग दोन-चार बार दोघं गाण्यात, दोघं जॅममध्ये. किंवा ड्रमरनं मोठी क्रॅश झांज मारून सम दाखवली ती अर्धा बार आधी. दुसरा बिघाड भरकटण्याचा: नवी कल्पना कुणीच मांडत नाही, पण थांबायचं कुणी हेही ठरत नाही, आणि एकच लकेर सहा मिनिटं फिरत राहते. तिसरा आवाजाच्या चढाओढीचा. लहान जागेत ड्रमचा आवाज कमी करता येत नाही. गिटारवाला ॲम्प वाढवतो, मग बेसवाला वाढवतो, मग गायकाला स्वतःचा मॉनिटर (त्याच्यासाठी स्टेजवर ठेवलेला स्पीकर) ऐकू येईना म्हणून तोही वाढवला जातो आणि माइक शिटी मारू लागतो. असं झालं की जॅममधली हळू वाजवण्याची सोयच संपते. सगळे पहिल्या मिनिटालाच शिखरावर असतात, चढायचं कुठे?

पण बँडला दोष देण्याआधी खोलीचा हिशोब कर. तुम्ही लिहिलंय, 'बेस मध्येमध्ये गडगडत होता'. तुमची ती जागा साधारण सहा मीटर रुंद आहे असं तू कळवलंस. सहा मीटर अंतराच्या दोन समांतर भिंतींमध्ये सुमारे २९ आणि ५७ हर्ट्झचे आवाज साठून राहतात. बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची. म्हणजे तो सूर लागला की भिंतींलगत आणि अगदी मध्यावर तो फुगणार, आणि भिंतीपासून दीड मीटरवर बारीक होणार. बेसवाला बिचारा सारखाच वाजवत होता. चार पावलं सरकून बघ. सरकण्याबरोबर त्या सुराचा जोर बदलला तर दोष खोलीचा आहे. मागच्या भिंतीला टेकून तर कधीच ऐकू नकोस. मिक्सरवाल्याच्या आसपास उभं राहा, कारण त्यानं सगळं तिथून जुळवलेलं असतं.

पहिल्या दोन गाण्यांच्या आवाजावर मत देऊ नकोस. साउंडचेक रिकाम्या खोलीत होतो. माणसं भरली की त्यांचे अंग-कपडे वरच्या पट्टीचे आवाज शोषतात आणि मिक्सरवाल्याला सगळं पुन्हा बसवावं लागतं. दिव्यांच्या नि गर्दीच्या उष्णतेनं गिटारच्या ताराही ढिल्या पडून उतरतात. तिसऱ्या गाण्यानंतरही उतरलेल्याच असतील तर जरूर लिही.

कानांचंही सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात, आणि प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. अशा क्लबात १०० सहज होतात. फोमचे बोळे स्वस्त आहेत, पण वरचे सूर जास्त कापतात. संगीतकारांसाठी मिळणारे, सगळे सूर सारखेच कमी करणारे प्लग घ्या. परीक्षणासाठीही ते गरजेचे आहेत. तासभर उघड्या कानांनी ऐकलं की कान तात्पुरते मंदावतात आणि दुसऱ्या सेटमध्ये झांजा मेल्यासारख्या वाटतात. तुमच्या परीक्षणातलं 'दुसरा सेट थोडा निस्तेज' हे वाक्य मला त्याच कारणानं संशयास्पद वाटतं.

यासाठीच रेकॉर्डिंग हवं. आधी बँडची आणि क्लबमालकाची परवानगी, आणि त्या रेकॉर्डिंगचे पैसे कधीही घ्यायचे नाहीत. डेडनी ऑक्टोबर १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली, ती याच विश्वासावर. फोनवर करू नका. फोन आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतो: हळू भाग मोठा, मोठा भाग लहान. बारा मिनिटं चढत गेलेला जॅम घरी ऐकताना सपाट वाटतो आणि परीक्षण चुकतं. छोटा रेकॉर्डर घ्या, त्यातली ऑटो पातळी बंद करा, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. तासाला साधारण १ जीबी लागतं. ८ जीबीचं कार्ड पुरून उरतं. स्टँड डोक्यांच्या वर, सव्वादोन मीटरवर. दोन माइक असतील तर १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. सर्वात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर -१२ डेसिबलच्या आसपास राहू दे. पातळी लावताना टाळीही वाजवून बघा, कारण जवळच्या माणसाची टाळी बँडपेक्षा वर जाते आणि तिथेच आवाज फाटतो.

मिक्सरमधून थेट तार मिळाली तर घ्या, पण ती रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला लावायची. माइक इनपुटला लावलीत तर सगळं फाटेल. माइकसाठी तारेतून जाणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, बंद आहे ना, हे दोनदा पाहा. आणि त्या तारेवर एकट्या विसंबू नका. लहान क्लबात ड्रम आणि गिटार स्टेजवरूनच पुरेसे मोठे ऐकू येतात, म्हणून मिक्सरवाला ते फारसे वाढवत नाही. त्या तारेत गायकाचा आवाज डोंगराएवढा आणि ड्रम शेजारच्या घरात वाजल्यासारखे येतात. दोन्ही ट्रॅक एकत्र करा. तेव्हा मिक्सरचा ट्रॅक थोडा उशिरा सुरू होईल असा सरकवायचा: आवाजाला मीटरमागे सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, माइक स्पीकरपासून दहा मीटरवर असेल तर २९ मिलिसेकंद. नाहीतर स्नेअर ड्रम दोनदा ऐकू येतो. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, म्हणून सुरुवातीला जुळवलं तरी तासाभरानं पुन्हा तपासा.

आता तिघांनी मिळून कसं लिहायचं ते. एकानं मिक्सरजवळ, एकानं पुढे बेसच्या बाजूला, एकानं मागे उभं राहावं. वही आणि पेन्सिल. फोनचा उजेड मागच्याच्या डोळ्यात जातो. रेकॉर्डर सुरू होताना तिघांनी घड्याळ जुळवावं आणि वाक्यं न लिहिता फक्त मिनिट आणि दोन शब्द टिपावेत: '९ः४७ बेस हलला', '९ः५२ काफी', '९ः५८ मुखडा, ड्रम उशिरा'. मैफलीनंतर चहाला बसण्याआधी प्रत्येकानं आपलं अर्धं पान स्वतंत्र लिहून टाकावं. एकदा बोलायला लागलात की ज्याचा आवाज मोठा त्याचं मत तिघांचं होतं. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावून वेळा, यादी, सांधे तपासायचे. तपासण्यात तथ्यं बदला, त्या रात्रीचं मत बदलू नका. घरी ऐकून वेगळं वाटलं तर तेही वेगळं म्हणून लिहा. मतभेद राहिला तर दोन्ही छापा, कोण कुठे उभा होता त्यासकट.

शब्दांचं म्हणशील, तर जॅम, सेट, एन्कोर हे तसेच राहू देत, सगळ्यांना कळतात. पण 'पीक'ला शिखर म्हण, 'हुक'ला मुखडा, 'डायनॅमिक्स'ला आवाजाचा चढ-उतार. ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकाला त्यातून एकदम दिसेल काय घडलं ते. मात्र 'आलाप' आणि 'तान' जपून वापर. संथ सुरुवातीला ठेका नसेल तरच आलाप म्हण. मागे ड्रम चालू असताना तो शब्द चुकीचा आहे आणि जाणकार वाचक तिथेच पान मिटतो.

तुमच्या परीक्षणातलं एक वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवा: 'कीबोर्डवाल्यानं हात उचलले आणि बाकी तिघं एकदम हलके झाले.' सगळ्या मजकुरात हे एकच वाक्य वाचून ती खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. फक्त त्याला मिनिट जोडा, आणि त्या रात्रीचं रेकॉर्डिंग असेल तर त्यानंतर बेसनं काय केलं ते त्यावरून ऐकून लिहा. गिटारवरच्या पाच परिच्छेदांचे दोन करा, म्हणजे त्याला जागा होईल.

येत्या शनिवारच्या मैफलीची मूळ फाईल, काटछाट न करता, एफएलएसी (आवाजातलं काहीही न गमावणारी फाईल) करून पाठव. एमपीथ्री नको, त्यात झांजांची धार जाते. तिघांची अर्धी-अर्धी पानंही सोबत असू देत, खाडाखोडीसकट.

आई-बाबांना माझा नमस्कार.

तुझा,
बडोद्याचा मित्र