स्टिअरिंग अडकले म्हणून अख्खा कॉलम बदलू नकोस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. गाडीचे स्टिअरिंग अगदी खाली येऊन बसले आहे, बटण दाबूनही वर जात नाही, पुढे-मागे मात्र सरकते, बॅटरी नुकतीच बदलली आहे, आणि गॅरेजवाल्याने वाकूनही न बघता ‘पूर्ण कॉलम (म्हणजे स्टिअरिंग ज्यावर बसते तो दांडा आणि त्याची यंत्रणा) बदलावा लागेल’ असे सांगून टाकले, एवढाच मजकूर तू लिहिला आहेस. पण निदानाला लागणारी निम्मी माहिती त्यातच आहे. त्यामुळे कॉलमची ऑर्डर तूर्त देऊ नकोस आणि हे पत्र सावकाश वाच.

आधी गाडी चालवण्याविषयी. स्टिअरिंगची उंची बदलणारी यंत्रणा आणि चाके वळवणारी यंत्रणा या वेगवेगळ्या आहेत, म्हणून उंची अडकली तरी गाडी वळण्यात काही कमी-जास्त होत नाही. मात्र मांड्यांना न घासता स्टिअरिंग पूर्ण फिरते का, मीटर नीट दिसतात का आणि छातीचे मधले हाड व स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर राहते का, हे सीट मागे-पुढे, वर-खाली करून पाहून घे. एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते. हे जमत असेल तर दुरुस्तीपर्यंत गाडी वापरायला हरकत नाही; पण कॉलम हाताने हलवल्यावर खुळखुळत असेल, किंवा स्टिअरिंग चालत्या गाडीत आपोआप जागा सोडत असेल, तर गाडी उभीच ठेव.

आता ही यंत्रणा चालते कशी ते सांगतो, कारण ते कळले की पुढचे सारे आपसूक उलगडते. कॉलमच्या बाजूचे बटण दाबले की बहुतेक गाड्यांत वीज थेट मोटरला जात नाही. बटण कंट्रोल युनिटला फक्त इशारा देते. ते युनिट मोटरला १२ व्होल्टचा पुरवठा करते आणि दिशा उलटायची असेल तेव्हा धन-ऋण टोकांची अदलाबदल करते. उंचीसाठी एक आणि लांबीसाठी एक अशा सहसा दोन छोट्या मोटरी असतात. मोटर वर्म गिअर (मळसूत्रासारख्या दात्यांचा गिअर) फिरवते, त्याने एक लांब स्क्रू फिरतो, आणि त्या स्क्रूवरचे नट पुढे-मागे सरकले की कॉलम वर-खाली होतो. हे नट किंवा गिअर पुष्कळदा प्लास्टिकचे असते. स्टिअरिंग कुठवर आले आहे हे युनिटला कळावे म्हणून जोडीला सेन्सरही असतो, आणि त्याच्याच भरवशावर गाडी बंद करताना ते आपोआप वर जाते व पुन्हा सुरू करताना जागेवर येते. (चालकाला उतरणे सोपे जावे ही कल्पना तशी जुनीच आहे, १९६१ च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये गाडी पार्कमध्ये असताना स्टिअरिंग हाताने बाजूला सरकवण्याची सोय मिळत असे. मोटर नाही, सेन्सर नाही, त्यामुळे ही डोकेदुखीही नाही.)

पुढे-मागे सरकणे चालू आहे, याचा अर्थ कंट्रोल युनिट जिवंत आहे, त्याला वीज मिळते आहे आणि सामाईक फ्यूज शाबूत आहे. काही गाड्यांत दोन्ही मोटरींना वेगवेगळे फ्यूज असतात, म्हणून फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा तक्ता एकदा बघून घे. पण माझा संशय फ्यूजवर नाही. दोष युनिटच्या पुढे, म्हणजे उंचीच्या मोटरकडे जाणाऱ्या वायरी, खुद्द ती मोटर किंवा तिचा स्क्रू यांत असावा. नाही तर मागे, बटणाच्या वर-खाली करणाऱ्या संपर्कांत.

बॅटरी बदलल्याचे तू जाता जाता लिहिले आहेस, पण मला ते महत्त्वाचे वाटते. वीज तुटली की अनेक गाड्यांची युनिट स्टिअरिंगची शिकलेली टोके, म्हणजे ते कुठवर सरकू शकते त्या हद्दी, विसरतात. मग आपोआप वर जाणे आणि मेमरी (साठवलेल्या जागेवर आपोआप येणे) बंद पडते, तरी बटणाने स्टिअरिंग हलत राहते. तुझ्याकडे बटणही चालत नाही, म्हणून बॅटरीचा योगायोग आणि अडकलेली उंची हे दोन वेगळे दोष असू शकतात, आणि एकाची दुरुस्ती करून दुसरा जाईल अशी अपेक्षा ठेवली तर माणूस गोंधळतो. हे पडताळणे सोपे आहे. गाडी बंद करून दार उघड आणि स्टिअरिंग आपोआप आत, डॅशबोर्डकडे, सरकते का ते पाहा. सरकले, तर युनिटची स्मृती ठीक आहे आणि फक्त उंचीचीच बाजू मेलेली आहे. काहीच हलले नाही, तर आधी गाडीच्या मेनूमध्ये उतरण्याची सोय चालू आहे का ते बघ, मग मालकाच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने टोके पुन्हा शिकवावी लागतील. नवी बॅटरी पूर्ण चार्ज आहे ना, तेही मोजून घे. उभ्या गाडीत ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. १२ च्या खाली असेल तर युनिट अशा सोयी आधी बंद करते आणि आपण नसते दोष शोधत बसतो.

यानंतरची चाचणी कानाची आहे, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची. शांत जागी गाडी उभी कर, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू कर, पंखा आणि रेडिओ बंद कर, छतावरचा दिवा लाव आणि कान स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकच्या आवरणाजवळ नेऊन बटण वरच्या बाजूला दाबून धर. मोटर फिरल्याची गुणगुण ऐकू येते पण स्टिअरिंग हलत नाही, असे असेल तर गिअरचे दाते झिजले आहेत, नट फुटले आहे किंवा मोटर आणि स्क्रू यांचा जोड सुटला आहे. एकदाच ‘टक्’ असा दबका आवाज होऊन सारे थांबते आणि त्याच क्षणी छतावरचा दिवा किंचित मंदावतो, असे असेल तर मोटरपर्यंत वीज पोचते आहे, पण मोटर अडकून पडली आहे. जागच्या जागी अडलेली मोटर भरपूर प्रवाह ओढते, म्हणून दिवा डोळा मारतो. आणि आवाजही नाही, दिवाही ढळत नाही, तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही किंवा मोटरचे आतले ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) संपले आहेत. बटण फार वेळ दाबून ठेवू नकोस, कारण तापलेली मोटर तिच्या संरक्षणामुळे काही काळ बंद पडते आणि मग पुढची चाचणी चुकीचे उत्तर देते.

शांतताच मिळाली आणि तुझ्या गाडीत मेमरीची बटणे असली, तर साठवलेली जागा बोलावून पाहा. मेमरीने उंची हलली आणि हाताच्या बटणाने हलली नाही, तर दोष बटणात, आणि ते सहसा स्वतंत्र बदलता येते. दोन्ही तऱ्हांनी काही झाले नाही, तर खालचे आवरण काढून उंचीच्या मोटरचा कनेक्टर शोधावा लागेल. वायरीची जुडी कॉलमबरोबर वर-खाली वाकत असते, त्यामुळे वाकण्याच्या जागी बाहेरचे वेष्टन धड दिसते आणि आतली तार मात्र तुटलेली असते. तिथे मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारे यंत्र) लावून कोणीतरी बटण दाबले की काटेकोरपणे कळते: आकडा एका दिशेला धन आणि दुसऱ्या दिशेला ऋण दिसायला हवा. पण केवळ आकड्यावर विसंबू नकोस. एका धाग्यावर टिकलेली तार मल्टिमीटरला १२ व्होल्ट दाखवते आणि मोटरचा भार येताच कोसळते. म्हणून मोटरच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडून तो लख्ख पेटतो का ते पाहावे. कनेक्टर काढल्यावर मोटरला स्वतंत्र १२ व्होल्टचा, फ्यूज घातलेला पुरवठा क्षणभर देऊन आणि टोके उलटून पाहता येते. मोटर फिरली तर ती निर्दोष. मात्र कनेक्टर न काढता असा पुरवठा देऊ नये, युनिट जळू शकते.

मला तुझ्याकडे अडकलेल्या मोटरचीच शक्यता अधिक वाटते, कारण स्टिअरिंग मधे कुठे नाही, तर नेमके खालच्या टोकाला थांबले आहे. टोकांचे माप चुकले की मोटर वेळेवर थांबत नाही आणि नट स्क्रूच्या शेवटी घट्ट रुतून बसते. भर म्हणून जुने ग्रीस मेणासारखे तपकिरी होऊन टोकांशी साचते, आणि मधला भाग कोरडा पडतो. अशा वेळी एकाने बटण वरच्या दिशेने दाबावे आणि दुसऱ्याने स्टिअरिंगला खालून दोन्ही हातांनी हलकासा आधार द्यावा, म्हणजे वजन कमी होऊन नट सुटते. हलकासा म्हणजे खरोखरच हलकासा. वर्म गिअर मोटरनेच फिरतो, स्टिअरिंग ओढून फिरत नाही, त्यामुळे जोराने ओढले तर प्लास्टिकचे दाते जातील, आणि हातोडीने ठोकणे तर अजिबात नको: अपघातात चालकाची छाती आदळली तर कॉलम दबून आघात पचवतो, ही रचना अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून बंधनकारक आहे, आणि ठोकाठोकीने ती बिघडली तर वरून दिसतही नाही. नट सुटले की जुने ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारे नवे ग्रीस पातळ थरात लावून घे. गंज सोडवणारा फवारा इथे वापरू नये, तो उरलेले ग्रीसही धुऊन नेतो.

आवरण उघडण्याआधी बॅटरीचे ऋण टोक काढून पुस्तिकेत सांगितला आहे तेवढा वेळ थांब. एअरबॅगच्या युनिटमध्ये काही काळ वीज साठून राहते. सहसा पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नकोस, आणि मल्टिमीटर तर कधीच नको. चाचणीसाठी बॅटरी पुन्हा जोडताना त्यातला एकही सुटलेला नाही याची खात्री कर. कॉलम खाली उतरवण्याची वेळ आली तर तिथे थांब आणि ते काम गॅरेजकडेच दे. चाके सरळ ठेवून स्टिअरिंग बांधून न घेतल्यास स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला वीज नेणारी आतली गुंडाळलेली पट्टी तुटते आणि मग एअरबॅगचा दिवा पेटतो.

गॅरेजमध्ये गेलास तर फक्त इंजिनचे कोड वाचणाऱ्या छोट्या यंत्रावर समाधान मानू नकोस. असे दोष बॉडीच्या, म्हणजे ‘बी’ने, किंवा युनिटांमधल्या संवादाच्या, म्हणजे ‘यू’ने सुरू होणाऱ्या कोडमध्ये नोंदवले जातात, आणि ते वाचायला सर्व युनिटांशी बोलणारा स्कॅनर लागतो. कॉलम बदलण्याचा सल्ला पुन्हा मिळाला, तर त्याला एकच विचार: उंचीच्या मोटरच्या कनेक्टरवर भार लावून वीज मोजली का? मोजली असेल, वीज पोचत असेल, गिअर गेलेले असेल आणि कंपनी मोटर सुटी देत नसेल, तर कॉलमला पर्याय नाही. तेव्हा कोडिंग (नवा भाग गाडीच्या युनिटशी जुळवणे) आणि टोके शिकवणे दुरुस्तीत धरले आहे का, तेही आधीच ठरवून घे. यांपैकी काहीच मोजले नसेल तर गाडी घेऊन सरळ घरी ये.

कानाच्या चाचणीत काय ऐकू आले, दिवा मंदावला की नाही, आणि दार उघडल्यावर स्टिअरिंग आत गेले का, एवढे मला उलटटपाली कळव. बाकी क्षेम. घरी सर्वांना नमस्कार.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
अनिरुद्ध