फवारणीचा निर्णय शेतात मोजून व्हावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खरीप हंगामाच्या पूर्वतयारीच्या आढावा बैठका सध्या जिल्ह्याजिल्ह्यांत होत आहेत. बियाणे किती लागणार, युरिया आणि डीएपीचा साठा किती आहे, पीककर्जाचे वाटप कुठवर आले, यावर त्यांत सविस्तर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. कीड हा विषय मात्र पिकाचे नुकसान डोळ्यांना दिसू लागल्यावर, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, विषयपत्रिकेवर येतो. तोपर्यंत शेतकऱ्याच्या दोन-तीन फवारण्या झालेल्या असतात आणि त्यांतील बहुतेक शेतातील किडी न मोजताच झालेल्या असतात. त्याविषयी जून उजाडण्यापूर्वी काही ठरावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

किडीचे व्यवस्थापन ज्यावर उभे आहे ती गोष्ट साधी आहे. शेतात कीड दिसली म्हणजे लगेच फवारणी करायची असे नाही. किडीची संख्या ज्या मर्यादेला पोहोचल्यावर होणारे नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा अधिक होईल, त्या मर्यादेच्या जवळ आल्यावर फवारणी करायची. या मर्यादेला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. कपाशीवरील तुडतुड्यांसाठी ती सरासरी दर पानामागे २ ते ३ तुडतुडे अशी धरतात. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्याकडे आली. तिच्यासाठी पीक लहान असताना १०० झाडांत ५ आणि पुढे १० झाडांचे पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने) खाल्लेले दिसले, तर उपाय करावा आणि तुरा आल्यावर रासायनिक फवारणी करू नये, अशी शिफारस आहे. हे आकडे गोपनीय नाहीत. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत ते वर्षानुवर्षे छापले जात आहेत. शेतकऱ्याला मोजता येत नाही असेही नाही, कारण बोंडे मोजून कापसाचा अंदाज बांधणारा शेतकरी पानामागचे तुडतुडेही मोजू शकतो. मोजण्याचा उपयोग होतो, हे त्याला कोणी शेतात उभे राहून दाखवलेले नाही.

मोजण्याचे महत्त्व गुलाबी बोंडअळीइतके दुसरी कोणतीही कीड स्पष्ट करीत नाही. या अळीचा पतंग रात्री फिरतो आणि पाती (कपाशीच्या कळ्या), फुले व कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. चार-पाच दिवसांत अंड्यातून बाहेर पडलेली अळी काही तासांतच फुलात किंवा बोंडात शिरते आणि आत जाण्याचे छिद्र बुजून जाते. त्यानंतर बाहेरून बोंड निरोगी दिसते आणि कोणतेही औषध आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे फवारणी उपयोगी पडण्याची वेळ फार थोडी असते. बोंडे फुटून कवडी, म्हणजे किडका व डागाळलेला, कापूस दिसू लागल्यावर केलेली फवारणी त्या बोंडांपुरती वाया गेलेली असते. ही वेळ कळण्याचा शेतकऱ्याच्या आवाक्यातला मार्ग म्हणजे मादी पतंगाच्या गंधाने नरांना ओढून घेणारा कामगंध सापळा. लागवडीनंतर साधारण दीड महिन्याने एकरी दोन सापळे पिकाच्या उंचीच्या थोडे वर लावावेत, त्यातील ल्यूर (गंधाची गोळी) मुदतीत बदलावी आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आले, तर नियंत्रणाचे उपाय सुरू करावेत. त्याच्या जोडीला गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या डोमकळ्या शोधून अळीसह नष्ट कराव्यात, आणि शेताच्या वेगवेगळ्या भागांतून २० हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहावीत. त्यांपैकी एक-दोन बोंडांत जिवंत अळी सापडली, तर पातळी गाठली गेली असे समजावे. या तपासणीला आठवड्यातली एक सकाळ पुरते.

या किडीने आपल्याला इथवर कसे आणले, हेही लक्षात घेतले पाहिजे. २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारक प्रथिन तयार करणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी मिळाली आणि २००६ पासून दोन जनुकांची वाणे आली. नव्वदच्या दशकात शेतकऱ्याला हैराण करणाऱ्या अमेरिकन बोंडअळीला त्यामुळे खरोखरच आळा बसला, आणि त्या काळात फवारण्या कमी झाल्या हे मान्य केलेच पाहिजे. पण गुलाबी बोंडअळी जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. आपण दीर्घ मुदतीची संकरित वाणे लावली, पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड घेऊन, म्हणजे मुख्य वेचण्यांनंतरही तेच पीक राखून, ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभे ठेवले, बीटीला न सरावलेल्या अळ्याही टिकाव्यात म्हणून बियाण्याच्या पाकिटासोबत मिळालेले बिगर-बीटी बियाणे बांधावर लावायचे सोडून फेकून दिले. संकरित वाणाच्या बोंडातील प्रत्येक सरकीत विषप्रथिन सारखे नसते, त्यामुळे अळीला आतच निवारा मिळतो. पहिल्या जनुकाला या अळीने गुजरातमध्ये दाद दिली नाही, हे २०१० मध्येच जाहीर झाले होते. पुढे दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील कापूस उत्पादकांनी त्याची किंमत मोजली. हीच कीड अमेरिकेने बीटी वाण, कामगंध, वंध्य पतंग सोडणे आणि हंगाम संपताच पऱ्हाटी (कपाशीची झाडे) जमिनीत गाडणे हे सारे उपाय संपूर्ण पट्ट्यात एकाच वेळी राबवून हटवली आणि २०१८ मध्ये तसे अधिकृतपणे जाहीर केले. त्यांची शेते मोठी आणि साधने वेगळी आहेत, हे खरे. पण एकट्या शेतकऱ्याने आपल्या चार एकरांत ही कीड हटवणे शक्य नसते, हा त्यातला धडा आपल्यालाही लागू आहे.

आपल्याकडे फवारणीचा निर्णय प्रत्यक्षात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर होतो. शेतकरी एखादे पान किंवा मोबाइलमधला फोटो दाखवतो, विक्रेता औषध देतो आणि बिल कापूस विकल्यावर भरायचे ठरते. सगळेच विक्रेते चुकीचा सल्ला देतात असे मी म्हणत नाही. अनेकांचा अनुभव मोठा आहे, आणि गावात दुसरे कोणी सल्ला द्यायला नसते तेव्हा तेच उपलब्ध असतात. परंतु ज्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून आहे आणि ज्याचे पैसे उधारीत अडकले आहेत, त्यानेच “या आठवड्यात फवारणीची गरज नाही” असे सांगावे, ही अपेक्षा व्यवस्था म्हणून चुकीची आहे. यातूनच दोन कीटकनाशके, एक बुरशीनाशक, एक टॉनिक आणि वर विद्राव्य खत अशी मिश्रणे एका पंपात जातात. ही औषधे एकमेकांत मिसळल्यावर काय होते याची तपासणी कोणी केलेली नसते. हंगामाच्या सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे वापरली गेली, तर ढालकिडा, क्रायसोपा आणि कोळी हे किडींना खाणारे मित्र आधी मरतात. मग पांढरी माशी आणि मावा उसळतात, आणि त्यांच्यासाठी पुन्हा त्याच काउंटरवर जावे लागते.

या साखळीचे टोक कुठे जाते, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये पाहिले आहे. फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, पावसाची उघडीप, कोंदट हवा, तोंडाला फडके बांधून पाठीवर पंप घेतलेला मजूर आणि पंपात अनेक औषधांचे मिश्रण, असे ते चित्र होते. त्यानंतर हातमोजे, मास्क आणि सुरक्षित फवारणी यांविषयी पुष्कळ प्रबोधन झाले आणि ते योग्यच होते. पण त्यांपैकी किती फवारण्या मुळात आवश्यक होत्या, हा प्रश्न जेवढ्या आग्रहाने विचारला जायला हवा होता, तेवढा विचारला गेला नाही. जी फवारणी टाळता येते, तिची विषबाधाही टळते. फवारणारा बहुधा मजुरीवर आलेला भूमिहीन असतो आणि डब्यावरील लाल त्रिकोणाचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो, म्हणून हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो.

भाजीपाल्यात स्थिती याहून अवघड आहे, कारण तेथे फवारणी आणि तोडणी यांच्यातले अंतर दिवसांवर आलेले असते. वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणारी अळीही अंड्यातून निघताच शेंड्यात किंवा फळात शिरते, म्हणून आठवड्यातून दोनदा फवारूनही किडकी वांगी निघतात. दर आठवड्याला मलूल होऊन लवलेले शेंडे कापून नष्ट करणे, किडकी फळे बांधावर न टाकता पुरणे, कामगंध सापळे लावणे आणि जुन्या वांग्यांची वाळलेली झाडे नव्या लागवडीजवळ रचून न ठेवणे, एवढे संपूर्ण शिवाराने केले तर फवारण्या निश्चित कमी होतात. औषधाच्या लेबलवर तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हे छापलेले असते. बाजाराच्या वारी माल न्यायचा म्हणून ते दिवस न पाळणे, हा ग्राहकाच्या ताटाशी केलेला अन्याय आहे, असे मला एक उत्पादक म्हणूनच वाटते.

शासनाकडे काहीच नाही असे मात्र नाही. सोयाबीनवरील पाने खाणाऱ्या अळ्यांच्या उद्रेकानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा किडींच्या सर्वेक्षणाचा आणि सल्ल्याचा प्रकल्प सुरू आहे. त्यात निवडलेल्या शेतांतील किडींच्या नोंदी नियमित घेतल्या जातात आणि त्यावरून सल्ले तयार होतात. ही कल्पना उत्तम आहे. परंतु ज्या गावच्या शेतात मोजणी झाली, त्याच गावच्या शेतकऱ्याला त्या आठवड्याचा आकडा ठाऊक नसतो. जिल्ह्याचा सर्वसाधारण सल्ला मोबाइलवर येतो, पण आपल्या शिवारातील सापळ्यात किती पतंग आले हे त्यातून कळत नाही. माझी पहिली मागणी म्हणूनच अशी आहे की, हे आकडे दर आठवड्याच्या ठरलेल्या वारी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दर्शनी भागात, आर्थिक नुकसानीच्या पातळीशेजारी लिहिले जावेत. ज्या आठवड्यात कीड पातळीखाली आहे, त्या आठवड्यात “फवारणीची आवश्यकता नाही” हे वाक्य शासनाच्या नावाने तेथे लिहिलेले असावे. ते वाक्य वाचून शेतकरी निःशंकपणे थांबेल आणि विक्रेत्यालाही त्याला थांबवणे सोपे जाईल.

दुसरी मागणी साहित्याच्या वेळेची आहे. अनुदानावरील सापळे आणि ल्यूर जुलैअखेर गावात पोहोचले पाहिजेत. बोंडे पक्व झाल्यावर आलेला सापळा फोटो काढण्यापलीकडे उपयोगी पडत नाही. एकरी ६०,००० अंड्यांच्या प्रमाणात लागणारी ट्रायकोकार्डे (किडींची अंडी नष्ट करणाऱ्या सूक्ष्म मित्रकीटकांची कार्डे) आणि घाटेअळीसाठी, म्हणजे अमेरिकन बोंडअळीसाठीच, लागणारे एचएनपीव्ही हे अळीला रोग लावणाऱ्या विषाणूचे औषध यांचीही हीच गोष्ट आहे. ही जैविक साधने फार काळ साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून त्यांची मागणी गावनिहाय आधी नोंदवून ठरलेल्या आठवड्यात पुरवठा करण्याची सोय जिल्हा स्तरावर असावी.

फरदडीविषयी मात्र केवळ आवाहनावर थांबू नये. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या निर्विवाद आहे, पण शेवटच्या वेचणीचे चार पैसे ज्याला उसनवारी फेडायला हवे आहेत, त्याला त्याच्याजागी दुसरे काही दिसले पाहिजे. कमी मुदतीची, एकाच वेळी फुटणारी वाणे पुरेशी मिळाली, आणि कपाशीनंतर उशिरा पेरता येईल असे हरभऱ्याचे किंवा उन्हाळी मुगाचे बियाणे व पाण्याचे आवर्तन वेळेवर मिळाले, तर शेतकरी स्वतःहून शेत मोकळे करील. जिनिंग कारखान्यांत आलेल्या किडक्या सरकीतून पतंग निघून आसपासच्या शेतांत जातात, म्हणून तेथे सापळे लावण्याची आणि सरकीची लवकर विल्हेवाट लावण्याची सूचना दरवर्षी निघते. ती पाळली गेली की नाही, हे पाहणारा अधिकारी कोण, हे त्या सूचनेतच नमूद असावे.

पेरणीला अजून काही आठवडे आहेत. आढावा बैठकांच्या उरलेल्या फेऱ्यांत पालकमंत्री आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांनी खताच्या साठ्याबरोबर सापळे व ल्यूर यांच्या साठ्याचा आणि क्रॉपसॅपच्या गावनिहाय फलकांचा विषय घ्यावा, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला विश्वासू,
एक कापूस व भाजीपाला उत्पादक शेतकरी,
जि. वर्धा