गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बदलला, पण बिलावर लिहिलं काय?

मा. संपादक,
स. न.

एप्रिल लागला की पेपरात चौकट येते : दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका. आरोग्यसेविकेच्या नोकरीत असताना ही सूचना मी स्वतः अंगणवाडीच्या ओट्यावर उभी राहून गावोगाव वाचून दाखवली आहे. आता माझ्याच घरात ती पाळता येत नाही. यजमानांचं आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस असतं आणि मिळालेली पाळी दुपारी साडेबाराची आहे. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावाहून अकराच्या आत निघावं लागतं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यायचं असतं. उन्हाने जीव कासावीस झाला तरी घोटभरच. त्यामुळे आमच्या २००९ च्या छोट्या गाडीतल्या एसीला कोणी थाट म्हटलं की मला राग येतो.

मागच्या मार्चमध्ये एसीचं बटण दाबलं की बेल्ट किंचाळायचा आणि जळक्या रबराचा वास यायचा. तालुक्याच्या एका गॅरेजात सांगितलं, कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, जाम. नवा १४ हजार, रिकंडिशन साडेसहा हजार. पेन्शनवर घर चालतं, खोटं कशाला सांगू, मी रिकंडिशन बसवायला सांगितला. भाचा सोबत होता, तर मेकॅनिकचं सगळं बोलणं त्याच्याशी. गाडी माझी, चालवते मी, पैसे माझे! मेकॅनिकने पाइपचा नट सैल केला आणि उरलासुरला गॅस फुस्सकन हवेत सोडला. जुना काढला, दुसरा बसवला, पाच मिनिटं पंप लावला, गॅस भरला. दीड तासात काम आटोपलं. "सिस्टर, आता बर्फावानी होते पाहा." झालंही तसं. पाच आठवडे.

सहाव्या आठवड्यात, भर मे महिन्यात, यवतमाळच्या अलीकडे पुन्हा तोच वास. काचा खाली केल्या तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ आत आली. ओला दुपट्टा यजमानांच्या डोक्यावर टाकून कशीबशी सेंटरवर पोचले. परत गॅरेजात गेले तर उत्तर मिळालं, "रिकंडिशनची ग्यारंटी नसते न जी." बिल मागितलं तर वहीच्या फाडलेल्या पानावर 'एसी काम', खाली रक्कम. बस.

नंतर यवतमाळला एका म्हाताऱ्या एसीवाल्याकडे गाडी नेली. त्याने आधी कुठलाही पार्ट विकायचं बोलणं काढलं नाही. कंडेन्सरकडे, म्हणजे गरम गॅस निववणाऱ्या समोरच्या जाळीकडे, जाणारा पाइप सोडवला, पांढऱ्या फडक्याचं टोक आत फिरवलं आणि माझ्यासमोर उन्हात धरलं. काळपट करडं तेल आणि त्यात चकाकणारी बारीक कणी. "हा पहिल्या कॉम्प्रेसरचा चुरा आहे ताई. यानंच दुसरा खाल्ला."

मग त्याने समजावून सांगितलं. कॉम्प्रेसर जाम होतो तेव्हा आतल्या भागांची झीज तेलात मिसळून पुढे जाते. कंडेन्सरच्या नळ्यांची भोकं इतकी बारीक की धुऊनही चुरा पुरता निघत नाही, म्हणून तो बदलावाच लागतो. काही चुरा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या, म्हणजे कुलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडाशी अडकतो. सोबत ड्रायर नावाची एक छोटी नळकांडी असते. तिच्यातले दाणे गॅसमधला ओलावा शोषतात, पण एकदा भरले की संपले. सिस्टिम उघडली की ड्रायर नवाच हवा. इतकं सगळं तसंच ठेवून नुसता कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे रक्ताने बरबटलेली सलाईनची नळी ठेवून नुसती बाटली बदलणं. (ही उपमा माझी, त्याची नव्हे.) आमच्या कंडेन्सरच्या जाळीत तर धुळीसोबत कापसाच्या गाड्यांमागे उडणारे तंतूही थापून बसले होते. जाळीतून वारा जात नाही तेव्हा दाब वाढतो आणि सगळा भार कॉम्प्रेसरवर येतो.

त्याचं काम मी स्टूल टाकून पाहिलं. पाइप आणि आतली कुलिंग कॉइल धुतली, व्हॉल्व्ह बदलला. तेल मापाने टाकलं, कारण कमी पडलं तर कॉम्प्रेसर घासतो आणि जास्त झालं तर थंडावा घटतो. नवा कॉम्प्रेसर बसवून त्याची चकती हाताने दहा-बारा वेळा फिरवली. ड्रायरची बुचं अगदी शेवटी काढली, तो हवेतला दमटपणा ओढतो म्हणून. हे मला लगेच पटलं. बीसीजीची व्हायल एकदा मिसळली की चार तासांत वापरा नाहीतर फेका, असं आम्ही शिकलो ते काही उगीच नाही. मग व्हॅक्यूम पंप पाऊण तास. दाब उतरला की आतलं पाणी साध्या तापमानालाही उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. ते राहिलं तर तेलात आम्ल तयार होतं. पंप बंद करून वीस मिनिटं दाबाचा काटा पाहिला, हलला नाही. तेव्हा कुठे वजनकाट्यावर तोलून ४५० ग्रॅम गॅस भरला, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तितकाच. पहिल्या मेकॅनिकने पाइपला हात लावून "गार लागून राहिला" म्हणत अंदाजाने भरला होता.

खर्च २६ हजार. पहिल्यांदाच असं काम झालं असतं तर साडेसहा हजार आणि एक भयंकर दुपार वाचली असती.

माझं म्हणणं एवढंच. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी २ ते ८ अंशांत राहाव्यात म्हणून आम्ही फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ रजिस्टरमध्ये लिहायचो, सुटीच्या दिवशीही. मग आठ-दहा हजार घेणाऱ्या गॅरेजने चार ओळी लिहायला काय हरकत आहे? गॅस किती ग्रॅम, तेल किती, ड्रायर बदलला की नाही, व्हॅक्यूम किती मिनिटं. जुने पार्ट गाडीवाल्याला परत द्यावेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. पण आमच्याकडे 'एसी काम' लिहिलेला कागद हातात घेऊन आयोगात जाणार कोण, आणि दाखवणार काय?

दुसरं, आयटीआयने उन्हाळ्याआधी तालुक्याच्या गॅरेजवाल्या पोरांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. ती पोरं लबाड नाहीत, त्यांना कोणी शिकवलेलं नाही. एसीत भरतात तो आर-१३४ए गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे. तो फुस्सकन सोडायचा नसतो, मशीनने परत ओढून घ्यायचा असतो, हे मलाही साठी उलटल्यावर कळलं.

सध्या बाहेर ४३ असताना चालत्या गाडीत एसीची हवा येते त्या झरोक्यापाशी ११ अंश असतात. लसीच्या डब्यातला जुना थर्मामीटर तिथे खोचला आहे आणि दर फेरीला आकडा वहीत लिहिते.

पत्र छापलं तर कृपया नाव देऊ नये. त्या पहिल्या गॅरेजवाल्याच्या दोन्ही लेकरांना लसी मीच टोचल्या आहेत आणि त्याची माय अजून संक्रांतीला वाण घेऊन घरी येते.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ