दादाच्या कोयत्यावरचं तांबं

फोंडा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल दहावीला रासायनिक अभिक्रिया शिकवत होते. मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, निळ्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला की त्यावर तांबूस थर चढतो. मुलं ४०, तास ३५ मिनिटांचा, खिळा एक. मागच्या बाकांवरच्यांना काही दिसलं नाही. त्यांनी फळ्यावरचं समीकरण उतरवून घेतलं. परीक्षेला तेवढं पुरतं.

घरी येईपर्यंत दादा डोळ्यांपुढून हलला नाही. पोफळींना कोळेरोग, ती बुरशी, लागू नये म्हणून पावसाआधी फवारायला बोर्डो मिश्रण करायचात ना, बाबा, तेव्हा सगळं माप त्याच्याकडे असायचं. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना वेगळ्या ५० लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. ढवळून झालं की तो कोयत्याचं पातं आत धरायचा. पातं तांबूस झालं की ओरडायचा, "चुना कमी पडला!" १४ वर्षांचा होता तेव्हा.

तोच दादा दहावीला विज्ञानात नापास झाला. दरवर्षी स्वतःच्या हातानं केलेल्या गोष्टीला, लोखंडानं तांब्याची जागा घेण्याला, 'विस्थापन' म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत भर वर्गात त्याला ढ म्हणाले. आणि बाबा, आपल्या घरातही तो शब्द उच्चारला गेला. त्या रात्री तो जेवला नाही. आई, तू त्याचं ताट झाकून ठेवलं होतंस, मला आठवतं. मी मात्र व्याख्या घोकून पैकीच्या पैकी गुण आणले, आणि तो खिळा पहिल्यांदा हातात धरला तो बी.एस्सी.ला गेल्यावर.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती. मुलं गुरं राखायला जात, म्हणून शिक्षक कुरणात जात. आमचा वर्ग जागचा हलत नाही, आणि ज्याला त्यात बसणं जमत नाही त्याच्यात खोट काढून मोकळा होतो. १२ वर्षं मीही तेच करत आले, हे लिहिताना फार जड जातंय.

दुसरी फवारणी व्हायची असेल तर एका शनिवारी मुलांना आपल्या कुळागरात, पोफळींच्या बागेत, घेऊन येते. माप, चुना, कोयता, सगळं दादानं दाखवायचं. मी मुलांबरोबर उभी राहीन. मी विचारलं तर तो "मी काय शिकवणार?" म्हणून टाळेल. तुम्ही विचारा ना, बाबा. तुम्ही विचारलेलं त्याला हवंय.

आई, तू स्वयंपाकाच्या खटपटीत पडू नकोस. कोकमाचं सरबत पुरे.

तुमची,
बाय