गुरुवारच्या त्या अनोळखी माणसांचे आभार

पारोळा-एरंडोल रस्त्यावरच्या ढाब्यावर दर गुरुवारी रात्री आम्हा बुलेटवाल्यांची बैठक भरायची. शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि गाड्यांच्या गप्पा. आता ती बंद झाली. आमच्यातल्याच काहींनी सायलेन्सर बदलून रात्री अकरा वाजता जो फटफटाट केला, त्याला शेजारचे लोक कंटाळले होते. मालकाचा दोष नाही, हे आधीच सांगतो.

बंद झाल्याचा निरोप मला मिळालाच नाही. धुळ्याहून एकटा निघालो आणि ढाबा दोनएक किलोमीटरवर असताना क्लच वायर लिव्हरपाशीच तुटली. जुना सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा महामार्ग. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात.

केळीचा टेम्पो थांबवून "काय व्हयनं भाऊ?" विचारणारे काका, तुमचं नावही विचारलं नाही. मागून टेम्पोचे दिवे लावून धरलेत, म्हणून मी उभा राहू शकलो. न्यूट्रलमध्ये गाडी सुरू करायची, पळवत नेऊन पहिला गिअर टाकायचा, पुढे थ्रॉटल सोडून गिअर बदलायचे, हेही तुम्हीच शिकवलंत. धक्का देणाऱ्या दोन पोरांनी पैसे घेतले नाहीत. (चप्पल मात्र एकाची तुटली, ती माझ्याकडे बाकी.)

ढाबा अंधारात होता. राखणदाराने बैठक संपल्याचं सांगितलं, चहा दिला, आणि सकाळी मेकॅनिक येईपर्यंत गाडी ओसरीत ठेवू दिली. त्या खाटेवर आलेली झोप घरी येत नाही. तुम्हा चौघांचे मनापासून आभार.