पैसे आहेत, पण घ्यायला कोणी नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, कापाकापी करायची तर करा पण पैशांचा मुद्दा तेवढा राहू द्या.

आम्ही नौपाड्यातले पाच जण, सगळे पन्नाशी ओलांडलेले, जानेवारीत ठाण्याहून माथेरानला चालत गेलो. नवसबिवस काही नव्हता. भाचा इंग्लंडला असतो, त्याने सांगितलं की तिकडे जुन्या रेल्वेसाठी लोक असे लांब लांब चालतात, ओळखीपाळखीच्यांकडून मैलामागे इतके पैसे असं कबूल करून घेतात आणि ते सगळे त्या रेल्वेच्या डागडुजीला जातात, वेल्समधली टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे तर १९५१ पासून हौशी लोकच चालवतायत. म्हटलं आपण ठाणेकर, १६ एप्रिल १८५३ ला पहिली पॅसेंजर गाडी बोरीबंदरहून आपल्याच गावात आली हे पाहुण्यांना किती वेळा ऐकवतो, मग एकदा गाडीसाठी पाय झिजवायला काय हरकत आहे? माथेरानची मिनी ट्रेन ठरली. माथेरान तसं साहेबाला सापडलं तेही आपल्या ठाण्याच्याच कलेक्टरला, मॅलेटला, १८५० साली. (तिथल्या आदिवासींना ते हरवलेलंच नव्हतं, पण ते असो.)

गणपतीच्या वर्गणीसारखं पावतीपुस्तक छापलं. किलोमीटरला दहा रुपये, साधारण साठ किलोमीटर, म्हणजे माणशी सहाशे. ६२ जणांनी दिले, काहींनी वर थोडे जास्त टाकले, सगळे मिळून ३९ हजार झाले.

पहिला दिवस शिळफाटा, काटई नाका करत बदलापूर. शिळफाट्याला कंटेनरच्या धुराळ्यात जी काय अवस्था झाली ती विचारू नका, एक जण तिथूनच रिक्षा करायला निघाला होता. रात्री मेव्हणीकडे मिठाच्या गरम पाण्यात पाय आणि ताटात पिठलं-भाकरी. दुसऱ्या दिवशी वांगणी, शेलू, नेरळ. तिसऱ्या दिवशी घाट. जुम्मापट्टीजवळ गाडी गेली, दोन फुटांचा तो रूळ, एवढासा डबा, खिडकीतली पोरं हात करतायत आणि आम्ही पाच म्हातारे रस्त्यावर उभं राहून टाळ्या वाजवतोय, येडेच दिसत असणार.

आता मुद्दा. परत आल्यावर हे पैसे द्यायचे कुठे? ज्या खिडकीवर गेलो तिथून दुसरीकडे पाठवलं, दुसरीकडच्यांनी अर्ज करा म्हणून सांगितलं, तिसऱ्या ठिकाणी एक भला माणूस हसून म्हणाला, "काका, रेल्वे सरकारची आहे, देणगी कसली देताय, तिकीट काढा." तसं त्याचंही बरोबर आहे. पण मला राहून राहून हे वाटतं की ही लाईन मुळात सरकारने बांधलेलीच नाही! आदमजी पीरभॉय नावाच्या मुंबईच्या व्यापाऱ्याने पदरचे पैसे घातले, मुलगा अब्दुल हुसेन कामाला भिडला, १९०४ ला काम सुरू होऊन १९०७ ला गाडी धावली, खर्च त्या काळी १६ लाख. म्हणजे तेव्हा एका घराचे लाखो चालले आणि आज ६२ घरांचे ३९ हजार चालत नाहीत.

२००५ च्या पावसात ही लाईन वाहून गेली, २०१९ ला परत तेच, मग थेट २०२२ पर्यंत नेरळहून गाडी नाही. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नाव आहे म्हणून आपण खूश, दार्जिलिंग, निलगिरी, शिमला या डोंगरातल्या रेल्वे कधीच पक्क्या यादीत जाऊन बसल्या. आमच्या पैशाने इंजिन येणार नाही हे कळतं हो. पण नेरळ स्टेशनवर एक बाक, जुन्या फोटोंची एक भिंत, गेला बाजार पावती देणारी एक दानपेटी, एवढं तर होईल? देवळात दोन मिनिटांत पावती फाडतात.

तुमच्या वाचकांत रेल्वेतली मंडळी असतीलच, कोणाला रीतसर रस्ता माहीत असेल तर याच सदरात कळवा. पैसे बँकेत वेगळे ठेवलेत, हिशेबाची वही माझ्याकडे आहे. आणि जरा लवकर कळवा, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या की रोज विचारतात, "भावजी, पोचले का हो आमचे सहाशे?"

आपला,
एक चालून दमलेला वाचक
नौपाडा, ठाणे