सात 'स' आणि फोनमधलं तेहरान

लॉस एंजेलिस, २४ मार्च २०२४

प्रिय दोस्ता,

मागच्या फोनवर तू विचारलंस, "इराणात खरं काय चाललंय रे? बातम्यांत एक तर पगडीवाले दिसतात, नाही तर क्षेपणास्त्रं." तेव्हा मी विषय बदलला, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. आज निवांत बसून लिहितोय.

मंगळवारी शेजारच्या इराणी बाईंकडे (मी त्यांना खानम म्हणतो, आपल्या 'बाई'सारखं) नवरोजला, म्हणजे इराणी नववर्षाला गेलो होतो. त्यांचं वर्ष मध्यरात्री बदलत नाही, वसंतसंपाताच्या नेमक्या क्षणी बदलतं. यंदा आमच्याकडे रात्रीचे ८ वाजून ६ मिनिटं झाली होती, तेहरानात बुधवारच्या सकाळचे ६:३६. तुझ्याकडे ८:३६, म्हणजे तू डबा भरत असशील. त्यांचं १४०३ साल लागलं.

टेबलावर हफ्त-सीन मांडलं होतं, म्हणजे 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू. (हफ्त म्हणजे सात, आपला हप्ता तिथूनच आला.) सफरचंद, लसूण (फारसीत सीर), सिरका, सुमाक, सेंजेद नावाचं सुकं फळ, आणि समनू. हे समनू म्हणजे गव्हाच्या कोंबांच्या रसाची तासन्‌तास आटवलेली तपकिरी खीर. साखरेचा कणही घालत नाहीत, तरी जिभेवर गोडवा रेंगाळतो. सातवं सब्जे, ताटलीत उगवलेले हिरवेगार कोंब, लाल फितीने बांधलेले. मला घटाजवळचं धान आठवलं आणि क्षणभर घरीच असल्यासारखं वाटलं.

फोन आरशाला टेकवून उभा केला होता. त्यात खानमची तेहरानची बहीण, मागे तसंच मांडलेलं टेबल. कोंब किती वाढले, समनू घरी केलं की विकत आणलं, गुडघे काय म्हणतात, असं बराच वेळ चाललं. मग खानमनी विचारलं, "हवा कशी आहे?" बहीण म्हणाली, "ढग आहेत. पण आम्ही छत्री नेणं सोडलंय." दोघी हसल्या. मला वाटलं, पावसाचंच बोलताहेत. फोन ठेवल्यावर खानमनी समजावलं, की छत्री म्हणजे डोक्यावरचा रुमाल. कोण ऐकत असेल सांगता येत नाही, म्हणून चाळीस वर्षांत त्यांच्या घरात ही भाषा तयार झाली.

तारोफ ऐकलायस तू? दुकानदार आधी म्हणतो, "काबेल नदारे", तुमच्यापुढे याची काय किंमत! आपण आग्रह करायचा, मग तो पैसे घेतो. कोणी काम केलं की म्हणायचं, "दस्तेत दर्द नकोने", तुझा हात दुखू नये. समोरच्याचं मन जपत आडवळणाने बोलायची किती सुंदर रीत आहे ही! तेच आडवळण सख्ख्या बहिणींना जीव जपायला वापरावं लागतं, याने माझ्या पोटात तुटतं.

खानम स्वतः ८ मार्च १९७९ला तेहरानच्या मोर्चात होत्या, कॉलेजात शिकत होत्या तेव्हा. इराणचे राजे शहा देश सोडून जाऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि क्रांतीचे नेते, धर्मगुरू खोमेनींनी कचेऱ्यांतल्या बायकांनी हिजाब घालावा असं सांगितलं होतं. "आम्ही क्रांती मागे जायला केली नाही," अशी घोषणा होती. १९८३मध्ये सक्तीचा कायदा झालाच. "आमच्या बाजूने फार थोडे पुरुष आले," हे त्या दर वेळी सांगतात. म्हणून २०२२ त्यांना वेगळं वाटतं. हिजाबवरून पकडलेली २२ वर्षांची महसा अमिनी पोलीस कोठडीत कोसळली, १६ सप्टेंबरला गेली, आणि तिच्यासाठी पोरंही पोरींच्या बरोबरीने रस्त्यावर आली. घरचे तिला जिना म्हणत. कुर्दी नाव, अर्थ जीवनाशी जोडलेला. "झन, झेंदेगी, आझादी" ही घोषणाही मूळची कुर्दीच. जनाना, जिंदगी, आझादी: तुला भाषांतराची गरज नाही, दोस्ता.

बाहेरून पाहणाऱ्यांचं मात्र एकमत नाही. इथल्या वेस्टवूड या इराणी दुकानांच्या भागात दुकानादुकानांत शहांच्या काळचा सिंह-सूर्याचा झेंडा दिसतो. खानमना तो बघवत नाही. त्यांच्या वडिलांनी १९५३ पाहिलं होतं: तेल देशाच्या मालकीचं करणाऱ्या पंतप्रधान मोसादेघांना अमेरिका आणि ब्रिटनने कट करून पाडलं आणि शहांचा हात बळकट केला. "बाहेरच्याने आणलेलं स्वातंत्र्य आमच्या घराला ठाऊक आहे," असं त्या म्हणतात. मला त्यांचं पटतं. इथे बसून ओरडायला काही लागत नाही, किंमत तिथले मोजतात. बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नर्गिस मोहम्मदींना शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा त्या तेहरानच्या एविन तुरुंगात होत्या. डिसेंबरात ऑस्लोला त्यांच्या जुळ्या मुलांनी ते घेतलं. आणि या १ मार्चच्या संसदेच्या निवडणुकीत सरकारी आकड्यानेच मतदान ४१ टक्के, १९७९नंतरचं तोवरचं सर्वांत कमी. रस्त्यावर शांतता दिसली तरी लोकांनी घरी बसून उत्तर दिलंय, असं मी समजतो.

१ एप्रिलला सिझदा-बेदार, नवरोजचा तेरावा दिवस. सगळे बागेत जातात आणि कोंब वाहत्या पाण्यात सोडतात. त्याआधी मुली त्यांच्या पात्यांना गाठ मारून मनात इच्छा धरतात. खानमनी मलाही बोलावलंय. फोन ठेवता ठेवता भाची मध्ये आली होती, केस मोकळे, कामावर निघालेली. म्हणाली, "खाले (म्हणजे मावशी), माझ्यासाठीपण एक गाठ मार." कशासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि खानमनी विचारलं नाही.

पत्र मिळालं की कळव. आईंना नमस्कार सांग.

तुझाच